गेममध्ये तुम्ही कोण होता?

नव्या पेशंटची माहिती घेताना आम्हा डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असतात. झोप कशी, भूक कशी, तंबाखू-दारू, व्यायाम, घरात कुणाला शुगर-बीपी. गेल्या काही वर्षांत त्यात ‘स्क्रीन किती वेळ?’ हा प्रश्न आला. मी त्याला आणखी एक शेपूट जोडलं आहे. कुणी मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर गेम खेळतो म्हणाला, की मी विचारतो, “गेममध्ये कोण होता तुम्ही?” तरुण पोरं चमकून बघतात, पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरला यातलं काही कळत असेल असं त्यांना वाटत नाही. चाळिशीचे पेशंट आधी लाजतात आणि मग जरा जास्तच बोलतात. मुलाला घेऊन आलेल्या आईच्या चेहऱ्यावर मात्र ‘ओरडायचं सोडून तुम्ही हे काय विचारताय?’ असे भाव असतात.

हा प्रश्न गंमत म्हणून नाही. माणूस खेळात कोणती भूमिका निवडतो आणि ती वयाबरोबर कशी बदलते, यातून त्याच्या शरीराबद्दल, मेंदूबद्दल आणि कधीकधी घराबद्दलही बरंच समजतं. आणि या बदलाबद्दल पेशंटच्या मनात जी भीती असते, ती बहुतेक वेळा अनाठायी असते, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठीच हा लेख.

ज्यांचा गेमशी संबंध कँडी क्रशपुरताच आहे, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती. ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणजे ज्यात आपण एक पात्र होऊन खेळतो असा खेळ. याची सुरुवात कॉम्प्युटरवर झालेली नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यात खेळणाऱ्याने आधी ठरवायचं, की मी कोण. पर्याय तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मोपदेशक. या पर्यायांना ‘क्लास’ म्हणतात. लढवय्या अंगाने दणकट, पहिल्या दिवसापासून उपयोगी. जादूगार सुरुवातीला अगदीच लेचापेचा, एक मंत्र म्हटला की त्याचा दिवस संपला. पण टिकून राहिला, तर पुढे तोच सगळ्यांत बलाढ्य होतो. धर्मोपदेशक थोडाफार लढतो, पण त्याचं मुख्य काम जखमी सोबत्यांना बरं करणं. नंतर आलेल्या बहुतेक खेळांनी हीच विभागणी थोड्याफार फरकाने पुढे चालवली.

२००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा इंटरनेटवर एकत्र खेळायचा खेळ आला आणि त्याने कामांची वाटणी जगभर रूढ केली. पाच जणांची टोळी. एक ‘टँक’, म्हणजे पुढे उभा राहून सगळा मार अंगावर घेणारा. एक ‘हीलर’, म्हणजे सर्वांना जिवंत ठेवणारा. उरलेले तिघे शत्रूला झोडपणारे. या झोडपणाऱ्यांत दबक्या पावलांनी शत्रूच्या मागे जाऊन वार करणारा एक क्लास आहे, त्याचं नाव ‘रोग’. इंग्रजी शब्द आहे, अर्थ साधारण लबाड किंवा भामटा. पण “डॉक्टर, मी पहिल्यापासून रोगच आहे,” असं एका पेशंटने सांगितलं तेव्हा बाहेर बसलेल्या आमच्या सिस्टर क्षणभर काळजीत पडल्या होत्या.

आता माझं निरीक्षण. हे संशोधन नव्हे, दवाखान्यातल्या खुर्चीवरून दिसलेलं आहे, तेवढ्याच बेताने घ्यावं. सोळा ते पंचविशीतली मुलं बहुतेक करून झोडपणारे असतात, त्यातही वेगवान. रोग, तिरंदाज, दोन तलवारी घेऊन घुसणारा. तिशीत काही जण टँक होतात. चाळिशीत माणसं मागे सरकू लागतात: लांबून मारा करणारा जादूगार, हीलर, किंवा ज्यात घाई नाही असा खेळच ते निवडतात. क्रिकेटमध्ये पॉइंटला उड्या मारणारा खेळाडू पुढे स्लिपमध्ये उभा राहायला लागतो, तसंच काहीसं. स्लिपमध्ये झेल सोपे येतात असं नाही. पण तिथे धावण्यापेक्षा चेंडू कुठे येणार याचा अंदाज जास्त लागतो.

असं का होतं, याचं एक कारण शरीरशास्त्रात आहे. डोळ्यांना काही दिसल्यापासून हाताने त्यावर कृती करेपर्यंत जो वेळ जातो, त्याला आपण प्रतिक्रियेचा वेळ म्हणू. तरुण माणसात साध्या चाचणीत हा सेकंदाचा चौथा-पाचवा हिस्सा असतो. वयाबरोबर तो हळूहळू वाढतो, आणि ही वाढ आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार लवकर सुरू होते. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या ३३०५ जणांच्या खेळांच्या नोंदी तपासल्या. वयं १६ ते ४४. हा भूमिकांचा नव्हे, डावपेचांचा खेळ आहे. पण त्यात प्रत्येक क्लिकची वेळ नोंदली जाते, म्हणून संशोधनाला सोयीचा. नवीन दृश्य समोर आल्यापासून पहिली कृती होईपर्यंतचा वेळ चोविसाव्या वर्षापासूनच वाढू लागलेला दिसला. वर्षानुवर्षांच्या सरावानेही ही घसरण थांबत नव्हती.

चोविसाव्या वर्षी! आपल्याकडे त्या वयात मुलाचं शिक्षण संपून नोकरी शोधणं चालू असतं.

पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग बातम्यांमध्ये फारसा आला नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. वयाने मोठे खेळाडू हा तोटा दुसऱ्या मार्गाने भरून काढत होते. ते सोप्या युक्त्या निवडत, कमी खटपटीत काम होईल असे शॉर्टकट वापरत. म्हणजे हात मंदावला, पण खेळ त्या प्रमाणात मंदावला नाही.

याहून जुना आणि माझा आवडता पुरावा टायपिस्टांचा आहे. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये १९ ते ७२ वयाच्या टायपिस्टांवर प्रयोग केले. वयस्कर टायपिस्टांची बोटं प्रतिक्रियेच्या चाचणीत मंद होती. टायपिंगचा वेग मात्र तरुणांइतकाच. हे कसं काय? तर त्यांची नजर कागदावर तरुणांपेक्षा जास्त अक्षरं पुढे असायची. पुढची अक्षरं झाकून टाकली, की त्यांचा वेग पडायचा. आपल्याकडे कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसणारे काका ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांचं एक लक्ष पक्षकाराशी बोलण्यात, आणि बोटं चालूच.

हीलर नेमकं हेच करतो. त्याच्यासमोर सगळ्या सोबत्यांच्या प्रकृतीच्या पट्ट्या असतात. कुणाची पट्टी खाली येतेय, कुणाला आता औषध द्यायचं, कुणी अजून दहा सेकंद थांबू शकतो, आपल्याकडची शक्ती लढाई संपेपर्यंत पुरेल का. नवखा हीलर पट्टी खाली गेल्यावर धावतो. मुरलेल्याला राक्षस पुढचा फटका कधी मारणार हे ठाऊक असतं, तो आधीच तयारीत राहतो. वेग लागत नाही असं मुळीच नाही, पण वेगाची उणीव अंदाजाने भरता येते. मला हे वर्णन पहिल्यांदा एका पेशंटने ऐकवलं तेव्हा मी म्हटलं, अरे, ही तर आमच्या कॅज्युअल्टीतली रात्रपाळी झाली!

मेंदूच्या सगळ्या क्षमता एकाच वयात शिखरावर पोचतात आणि मग एकत्रच उतरतात, ही समजूत चुकीची आहे. जोशुआ हार्टशॉर्न आणि लॉरा जर्मीन या संशोधकांनी २०१५ मध्ये सुमारे ४८ हजार लोकांच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माहिती झटपट हाताळण्याचा वेग अठरा-एकोणीसच्या आसपास सर्वाधिक. तात्पुरती स्मरणशक्ती पंचविशीच्या आसपास, आणि ती पस्तिशीनंतर उतरू लागते. मात्र नुसते डोळे पाहून समोरच्याच्या मनातली भावना ओळखण्याची क्षमता चाळिशी-पन्नाशीत सर्वांत चांगली. शब्दसंग्रह तर साठी ओलांडल्यावरही वाढत राहतो. तेव्हा पंचेचाळिशीतला माणूस टोळीचा हीलर किंवा म्होरक्या झाला, तर त्याने जे उरलंय त्यात भागवलं असं मी म्हणणार नाही. जे आता पिकलंय ते त्याने वापरलं.

अर्थात हीलर झालं की शहाणपण आपोआप येतं, असंही नाही. सप्टेंबर २००५ मध्ये वॉरक्राफ्टच्या दुनियेत चक्क साथ पसरली होती. एका नव्या राक्षसाशी लढताना खेळाडूंना ‘दूषित रक्ता’ची बाधा व्हायची. ती लढाईच्या जागेपुरतीच राहणं अपेक्षित होतं. पण कार्यक्रमातल्या चुकीमुळे पाळीव प्राण्यांबरोबर ती शहरांत आली आणि रस्त्यांवर सांगाड्यांचे खच पडले. अनेक हीलर आपणहून मदतीला धावले. त्यांच्या उपचारांनी बाधित माणूस थोडा जास्त जगायचा आणि तेवढा वेळ इतरांना बाधा देत फिरायचा! या घटनेवर २००७ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस’ या प्रतिष्ठित नियतकालिकात लेख आला. साथीत माणसं कशी वागतात, कोण मदत करतो, कोण पळतो, कोण मुद्दाम पसरवतो, हे अशा खेळातून शिकता येईल असा त्याचा सूर होता. कोविडच्या काळात मला तो लेख बऱ्याचदा आठवला.

आता मूळ मुद्द्यावर येतो. माझ्याकडे शेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. तक्रार: “डोकं गंजलंय.” वडिलांना शेवटची काही वर्षं विस्मरणाचा आजार होता, त्यामुळे भीती खरी होती. काही आठवड्यांपासून ते मेडिकलमधून स्मरणशक्तीची कॅप्सूल घेत होते. नोकरी नीट चालू, हिशेब नीट, रस्ते-नावं-तारखा सगळं लक्षात. मग डोकं गंजलंय हे कशावरून ठरवलं? बरेच आढेवेढे घेतल्यावर सांगितलं, की कॉलेजच्या चार मित्रांबरोबर ते वीस वर्षं दर रविवारी रात्री ऑनलाइन खेळत. एक मित्र पुण्यात, एक दुबईत, दोघे अमेरिकेत. हे त्यांचे ‘रोग’. अलीकडे यांचे वार चुकू लागले, टोळी हरू लागली, मित्रांनी थट्टा केली. यांनी खेळणं सोडलं. त्याला सहा महिने झाले होते. त्या सहा महिन्यांत त्या चौघांशी दुसऱ्या कुठल्याही निमित्ताने बोलणं झालेलं नव्हतं.

मी त्यांची रीतसर तपासणी केली, स्मरणशक्तीची साधी चाचणी घेतली, रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. जे निघालं ते असं: झोप साडेपाच तास. आणि चाळिशीचा चष्मा नेत्रतज्ज्ञांनी दोन वर्षांपूर्वी दिलेला, तो खिशातच. का, तर चष्मा लावला की म्हातारा दिसतो. पडद्याच्या कोपऱ्यातले बारीक आकडे त्यांना धड दिसतच नव्हते. त्यावर पुन्हा शेचाळीस वर्षांचा हात पंचविशीच्या हाताचं काम करायला लावलेला. कॅप्सूल बंद केली, झोप आणि चष्म्याबद्दल बजावलं आणि विचारलं, “क्लास का बदलत नाही?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आडनाव बदलायला सांगितलं होतं.

खरी अडचण इथे आहे. आपण जे करत आलो ते पूर्वीसारखं जमत नाही म्हटल्यावर माणसं दोनच गोष्टी करतात: हट्टाने तेच करत राहतात, नाहीतर सगळं सोडून देतात. हे गेमपुरतं नाही. गुडघे दुखू लागले म्हणून टेकडीवर जाणं बंद, म्हणून त्या ग्रुपबरोबरचा चहाही बंद. आवाज पूर्वीसारखा लागत नाही म्हणून भजनी मंडळ बंद. ऐकू कमी येतं म्हणून लग्नकार्याला जाणं बंद. खुर्ची तीच ठेवून जागा बदलण्याचा तिसरा मार्ग असतो, तो कुणी सुचवत नाही. डॉक्टरही सुचवत नाहीत, कारण आमच्याकडे त्याची गोळी नसते. आणि समवयस्कांशी संबंध तुटणं हे तब्येतीला किती महागात पडतं, हे मी रोज बघतो. मला विचाराल, तर त्या गृहस्थांचं प्रतिक्रियेतल्या काही मिलिसेकंदांनी काहीच नुकसान झालं नव्हतं. रविवार गेल्याने झालं होतं.

गेममध्ये याची सोय असते, हे मला फार आवडतं. २०२३ मध्ये आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळात बारा क्लास आहेत, आणि तुमच्या तळावर एक हाडकुळा म्हातारा उभा असतो. त्याला सोन्याची शंभर नाणी दिली, की तो तुमचा क्लास बदलून देतो. तोच चेहरा, तेच मित्र, तीच गोष्ट, फक्त काम वेगळं. शिवाय या खेळात आळीपाळीने चाल करायची असते. बुद्धिबळासारखा हवा तेवढा विचार करा, बोटांच्या वेगाचा प्रश्नच नाही. चाळिशीपुढच्या मंडळींना हा प्रकार मी मोकळ्या मनाने सुचवतो, झोपेची वेळ सांभाळण्याच्या अटीवर.

या ओघात ‘मेंदूची ताकद वाढवणाऱ्या’ गोष्टींबद्दलही बोलून घेतो. निरोगी माणसाची स्मरणशक्ती टॉनिकने वाढते याला विश्वासार्ह पुरावा नाही. मेंदूच्या व्यायामाची म्हणून विकली जाणारी ॲप्स खेळली, तर माणूस ती ॲप्स खेळण्यात तरबेज होतो. त्याचा फायदा रोजच्या कामात कितपत उतरतो, ही वेगळी बाब. या खेळांनी वयाबरोबरचं विस्मरण टळतं अशी जाहिरात केल्याबद्दल २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा एका नावाजलेल्या कंपनीकडून २० लाख डॉलर वसूल केले. तेव्हा गेम आवडीसाठी खेळा, औषध म्हणून नको.

मात्र प्रत्येक मंदपणा वयाच्या खात्यावर टाकू नका, आणि हे मी ठासून सांगतो. वयाचा परिणाम वर्षांच्या हिशेबाने येतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत फरक पडला असेल, तर वय कारण नसण्याची शक्यता जास्त. अशा पेशंटमध्ये मी थायरॉइड बघतो, हिमोग्लोबिन बघतो, बी-१२ बघतो. शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, आणि ते भरून काढता येतं. घोरणाऱ्या जाड माणसात झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो; असा माणूस आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या, दारू, वर-खाली होणारी शुगर, आणि बऱ्याचदा कुणाच्या लक्षात न येणारं नैराश्य. नैराश्यातला माणूस क्लास बदलत नाही, त्याला खेळावंसंच वाटत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणखी काही खुणा अशा, की त्या दिसल्या तर डॉक्टरला दाखवाच. वर्षानुवर्षं खेळलेल्या नकाशात वाट चुकणं. आपण कोणती मोहीम कशासाठी हाती घेतली, हेच पुन्हा पुन्हा विसरणं. आणि तेच घरातही होणं, म्हणजे गॅसवर दूध ठेवल्याचं विसरणं, नेहमीच्या व्यवहारात पैशांचा घोळ होणं. एकाच हाताची बोटं मंद पडणं किंवा आरामात असताना हात थरथरणं. एका वस्तूच्या दोन दिसणं. अचानक तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र एक मिनिटही घालवू नका. तो पक्षाघात असू शकतो. थेट मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ दुखत असेल, तर ते मेंदूचं नव्हे, कंट्रोलरचं दुखणं. अंगठ्याचे स्नायूबंध सुजतात. विश्रांती आणि पट्ट्याने बहुतेकांना आराम पडतो. असं दुखणं झालेल्या दोघांनी आपणहून वेगवान क्लास सोडलेला मी पाहिला. कधीकधी क्लास अंगठाच ठरवतो!

इथपर्यंत शरीराची बाजू झाली. पण नुसत्या शरीराने सगळ्याचा उलगडा होत नाही. ‘क्वांटिक फाउंड्री’ या गेमच्या अभ्यासकांच्या संस्थेने एक लाखाहून अधिक खेळाडूंकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. त्यात वयाबरोबर सर्वांत जास्त ओसरलेली गोष्ट म्हणजे दुसऱ्याला हरवण्याची ओढ. आखणी आणि डावपेचांची आवड मात्र सर्वांत कमी बदलली. हे उत्तर देणारे लोक आपणहून आलेले, मुळातच गेमवेडे, तेव्हा सगळ्या समाजाला ते लावता येणार नाही. तरी मला ते पटतं. विशीत आपण कोण आहोत हे स्वतःला आणि चारचौघांना दाखवून द्यायचं असतं, आणि तक्त्यावर सर्वांत वर नाव झोडपणाऱ्याचं लागतं. पन्नाशीत ते दाखवून झालेलं असतं, किंवा दाखवायची हौस फिटलेली असते. वेळही तुकड्यांत मिळतो. मध्येच दाराची बेल वाजते, सासऱ्यांची औषधाची वेळ होते, मुलीला क्लासहून आणायचं असतं. हा क्लास वेगळा.

नियमाला अपवाद भेटतात तेव्हा मी जास्त कान देऊन ऐकतो. एकोणीस वर्षांचा एक मुलगा, होस्टेलवर राहणारा, अबोल. तो फक्त हीलर खेळायचा. त्याचं कारण त्याने एका वाक्यात सांगितलं: “हीलर नेहमी कमी असतात, त्यामुळे कुणीही ग्रुपमध्ये घेतं.” पोटदुखीसाठी आलेला तो मुलगा होस्टेलवर जेवायलाही एकटाच बसत होता, हे त्यानंतर समजलं. त्याला समुपदेशकाकडे पाठवलं, पोटाच्या गोळ्या फारशा लागल्या नाहीत.

‘किती तास खेळता?’ एवढंच विचारलं असतं, तर हे कळलं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झालं, ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. पण पालक समजतात तसा त्या व्याख्येत तासांचा आकडा नाही. स्वतःवर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींवर खेळाने कुरघोडी करणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे सहसा वर्षभर चाललेलं असणं, असे निकष आहेत. चार तास खेळणारा आजारी नसेल आणि दोन तास खेळणारा असू शकेल. तास मोजावेत, पण त्यावर थांबू नये.

दुसरा अपवाद बावन्न वर्षांच्या एका बाईंचा. बीपी आटोक्यात येत नव्हतं, दोन औषधं झाली होती, तिसरं सुरू करायच्या बेतात होतो. मुलाने लॅपटॉपवर गेम टाकून दिला होता, रात्री तासभर त्या खेळत. माझ्या हिशेबाने त्या हीलर असायला हव्या होत्या. विचारलं, तर म्हणाल्या, “मी बार्बेरियन.” म्हणजे मोठी कुऱ्हाड घेऊन ओरडत अंगावर जाणारा रानटी योद्धा. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. “डॉक्टर, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मी करते. ह्यांची बायपास झालेली, त्यांचं पथ्य मी बघते. दिवसभर हीलरच असते मी. रात्री तासभर तरी कुऱ्हाड हातात राहू द्या.”

त्यांच्या बीपीच्या चढउताराचं बरंचसं कारण या चार वाक्यांत होतं. पुढच्या वेळी मी यजमानांना बोलावून घेतलं. बायपासला तीन वर्षं झाली होती, प्रकृती उत्तम होती. आईला रात्रीचं इन्सुलिन देण्याचं काम त्यांच्याकडे सोपवलं, सिरिंज कशी भरायची ते शिकवलं; पहिले दोन दिवस हात कापला, मग सवय झाली. दिवसा चार तासांसाठी एक मावशी ठेवायला सांगितल्या. बाई आता संध्याकाळी अर्धा तास चालून येतात. तिसरं औषध अजून सुरू करावं लागलेलं नाही. गेममध्ये कुऱ्हाड तशीच आहे, आणि ती खाली ठेवा असं मी त्यांना सांगितलेलं नाही.